ताज्या रंगाचा पहिला महिना

अपघातानंतर गाडी वर्कशॉपमधून परत येते, तेव्हा ती घेतल्या दिवसापेक्षाही चकचकीत दिसते. चेपलेला दरवाजा सरळ झालेला असतो, बॉनेटमध्ये आभाळ दिसत असतं आणि मालकाला त्याच दिवशी वाटायला लागतं, की आता याला लगेच काहीतरी लावून टाकावं. पॉलिश म्हणा, टेफ्लॉन म्हणा, सिरॅमिक म्हणा. निदान एक चांगलं कव्हर तरी. सोलापुरात हा मोह जास्तच होतो, कारण इथलं ऊन, धूळ आणि बोअरचं पाणी गाडीच्या रंगाचं काय करतं हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण ताज्या रंगाचं खरं नुकसान बहुतेक वेळा या पहिल्या काही आठवड्यांतल्या घाईनंच होतं. ते कसं, हे कळायला रंग पत्र्यावर बसतो कसा ते आधी पाहायला हवं.

कारखान्यात गाडी रंगते तेव्हा ती नुसता पत्र्याचा सांगाडा असते. वायरिंग, सीट, टायर, काचा यांतलं काहीच अजून बसवलेलं नसतं. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते, मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहानं गंजरोधक थर चढवतात, त्यावर प्रायमर, त्यावर रंग देणारा बेसकोट आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअरकोट. रंगाचे वरचे थर भट्टीत साधारण १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजून निघतात. सगळे मिळून जाडी भरते ती १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे माणसाचे दोन केस शेजारी ठेवले तर होईल तेवढी. त्यातला क्लिअरकोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा. चमक त्याची, उन्हापासून रंगाचा बचावही त्याचाच.

दुरुस्तीला आलेल्या गाडीला १४० अंश देता येत नाहीत. वायरिंग आहे, डॅशबोर्ड आहे, रबरी सील आहेत. म्हणून वर्कशॉपमध्ये दोन डब्यांचं क्लिअर वापरतात. एका डब्यात ॲक्रिलिक रेझिन, दुसऱ्यात आयसोसायनेट असलेला हार्डनर. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळले की त्यांच्यात रासायनिक क्रिया सुरू होते, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पॉलियुरेथेनचं कडक कवच तयार होतं. रंग भाजायच्या बंद बूथमध्ये ६० अंशांवर अर्धा तास ठेवलं की रंग हाताला लागत नाही, गाडी जोडता येते. हे ६० अंश पत्र्याचे असायला हवेत, बूथमधल्या हवेचे नव्हेत. पत्रा तापायला हवेपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि घाईच्या दिवशी कमी पडतो तो नेमका हा वेळ.

इथं एक गोष्ट रंगाच्या बाहेरची, पण सांगायलाच हवी. हाच हार्डनर फवारताना श्वासावाटे आत गेला, तर रंगाऱ्याला कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. तुम्ही निवडलेल्या वर्कशॉपमधल्या माणसाच्या तोंडावर तो आहे का, हे जरूर बघा. स्वतःच्या माणसांची काळजी घेणारा मालक सहसा रंगाचीही घेतो, असा माझा अनुभव आहे.

बूथमधून बाहेर आलेला रंग वाळलेला असतो, पण पुरता घट्ट झालेला नसतो. आत दोन गोष्टी चालूच असतात. उरलेला थिनर हळूहळू वर येऊन हवेत जात असतो आणि राहिलेल्या साखळ्या जुळत असतात. थर किती जाड आहे, भट्टी किती मिळाली, हवा कशी आहे, यावर त्याला काही दिवस ते काही आठवडे लागतात. या काळात वर मेणाचा, सीलंटचा किंवा सिरॅमिकचा बंद थर दिला, तर खालून निघणाऱ्या थिनरची वाट अडते. रंग मऊच राहतो, चमक महिन्याभरात बसते, कधी बारीक फोड धरतात. सिरॅमिक लावणाऱ्यानं काम उत्तम केलं, रंगाऱ्यानंही उत्तम केलं, तरी दोघांच्या मधले दिवस कमी पडले म्हणून पॅनेल पुन्हा रंगवायची वेळ येते.

किती थांबायचं? क्लिअरकोट बनवणाऱ्या कंपन्यांची माहितीपत्रकं ३० दिवसांपासून ९० दिवसांपर्यंत वेगवेगळे आकडे सांगतात, आणि जे क्लिअर वापरलं असेल त्याच्याच पत्रकातला आकडा पाळावा हे सगळ्यांत बरं. पत्रक हाती नसेल तर माझा हिशोब सोपा आहे. बूथमध्ये नीट भाजलेलं काम असेल तर पुरता एक महिना. शेडमध्ये हवेवर वाळवलेलं असेल तर दोन महिने. आणि बंपरला थोडं जास्तच, कारण तो प्लॅस्टिकचा. त्याला फार उष्णता सोसत नाही आणि त्यावरचा रंग लवचीक राहावा म्हणून त्यात वेगळी द्रव्यं घातलेली असतात.

या नियमात एक फरक मात्र लक्षात ठेवावा. लेप देणं वेगळं आणि घासून गुळगुळीत करणं वेगळं. ताज्या क्लिअरवर धुळीचा कण बसला असेल, कुठे ओघळ आला असेल, तर वर्कशॉपवाला दुसऱ्या दिवशी २००० किंवा ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून तेवढी जागा घासतो आणि कंपाउंड मारून चमक परत आणतो. यात काही चूक नाही. क्लिअर अजून कोवळं असल्यानं उलट हे काम सोपं जातं. फक्त ते त्यानं करावं, आपण नव्हे; ४०-५० मायक्रॉनमधले किती गेले हे हाताला कळत नाही, आणि कडेला, घडीवर, हँडलच्या वळणावर क्लिअर आधीच पातळ असतं. शिवाय कंपाउंड सिलिकॉन नसलेलं हवं. दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ पॉलिशमध्ये सिलिकॉन आणि मेण असतं. ते ओरखडे भरून झाकतं, चार वेळा गाडी धुतली की ओरखडे परत दिसतात, आणि मधल्या काळात रंगावर नको तो थर बसून जातो.

आता सोलापूरच्या उन्हाकडे येऊ. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर राहतो, कधी चव्वेचाळिसाला टेकतो. "ऊन कडक आहे, रंग पटकन पक्का होईल" असं पुष्कळांना वाटतं. उष्णतेनं रासायनिक क्रिया वेगानं होते हे खरंच. पण क्लिअर फवारल्या फवारल्या वरचा पापुद्रा आधी धरला आणि थिनर आत अडकला, तर तो नंतर वाट काढताना टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पाडून जातो. छिद्रं नाही पडली तरी काही दिवसांनी चमक दबते. म्हणून इथला जाणता रंगारी उन्हाळ्यात स्लो थिनर आणि स्लो हार्डनर वापरतो, दोन हातांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबतो आणि शेडमध्ये काम असेल तर सकाळीच उरकतो. गाडी टाकताना "उन्हाळ्याचा थिनर वापरता ना?" एवढं विचारायला काहीच हरकत नाही. पावसाळ्यात उलटी अडचण. आयसोसायनेट पाण्याशीही क्रिया करतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यामुळे दमट हवेत किंवा कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आलं असेल तर क्लिअरमध्ये बुडबुडे धरतात.

एक चौकशी अजून. पेठेतल्या छोट्या गॅरेजांत, विशेषतः दुचाकी, रिक्षा आणि मालवाहू वाहनांच्या कामात, कधी कधी जुन्या पद्धतीचा नायट्रोसेल्युलोज रंग अजून वापरला जातो. जुने लोक त्याला ड्युको म्हणतात. ते नाव ड्यूपाँट कंपनीच्या रंगाचं. १९२३-२४ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर तो पहिल्यांदा आला आणि काही आठवड्यांचं रंगकाम काही तासांवर आणून ठेवलं. पण तो नुसता थिनर उडून वाळतो, त्यात साखळ्या जुळत नाहीत. दाराच्या आतल्या कडेला, जिथं दिसणार नाही तिथं, थिनरचा बोळा घासला आणि रंग बोळ्यावर उतरला, तर तो या जातीचा समजावा. अशा रंगावर महागडं कोटिंग करण्यात अर्थ नाही. तोच पैसा घालून ते पॅनेल नीट करून घेतलेलं बरं.

गाडी घरी आली. पहिल्या आठवड्यात काय करावं? खरं तर फारच थोडं. सावलीत, पण वारा खेळेल अशा जागी उभी करावी. बॉडी कव्हर घालू नये. त्याखाली थिनरची वाफ आणि रात्रीचा दमटपणा कोंडतो. शिवाय वाऱ्यानं कव्हर हललं की त्याच्या आतली धूळ रंगावर घासत राहते. सावली म्हणून झाड निवडताना जरा विचार करावा. चिंच, लिंब, गुलमोहर यांच्याखाली चिकट थेंब पडतात आणि पक्षी बसतात. सिद्धेश्वर तलावाच्या किंवा कंबर तलावाच्या बाजूला राहणाऱ्यांना हे सांगायलाच नको.

पक्ष्याची विष्ठा रंगाला डाग पाडते, ती तिच्यातल्या आम्लामुळे, हे बहुतेकांना माहीत असतं. दुसरं कारण उन्हाचं आहे. दुपारच्या उन्हात गडद रंगाचा पत्रा साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो, क्लिअर थोडं मऊ होऊन फुगतं. विष्ठा वाळून तिथं घट्ट बसलेली असते. संध्याकाळी पत्रा निवला की क्लिअर आकसतं आणि त्या वाळलेल्या खरखरीत थराचा ठसा घेऊन बसतं. जुन्या घट्ट रंगावर हा ठसा पॉलिशनं जातो, ताज्या रंगावर एका दुपारीच खोल उतरतो. म्हणून दिसल्याबरोबर ओला फडका त्यावर पाचेक मिनिटं ठेवून द्यावा, मग अलगद उचलून घ्यावा. खरवडायचं नाही.

दुरुस्त होऊन आलेल्या गाडीची पूजा करायची आपली रीत आहे, आणि ती करावीच. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढतात, हळदीची बोटं ओढतात, हार बांधतात, मग गाडी तुळजापूरला नाहीतर अक्कलकोटला जाऊन येते. हळदीचा रंग कोवळ्या क्लिअरमध्ये मुरतो आणि सहज निघत नाही. पांढऱ्या गाडीवर तो पिवळा डाग लगेच डोळ्यांत भरतो. हाराची तार लागते ती वेगळीच. तेव्हा पहिल्या महिन्यातलं स्वस्तिक समोरच्या काचेवर काढावं आणि हार आरशांना दोऱ्यानं बांधावा. तीच गोष्ट रेडियमच्या स्टिकरची. देवाचं नाव, महाराजांचं चित्र, मुलांची नावं, जे लावायचं ते काचेवर लावावं. ताज्या रंगावर लावलेल्या स्टिकरचा चिकटा रंगात रुततो आणि पुढे कधी स्टिकर काढला तर त्याच्या कडेचा ठसा राहतो, क्वचित रंगच सोबत निघतो.

आता फडक्याबद्दल. रोज सकाळी गाडीवरून कोरडा फडका मारल्याशिवाय आपल्याकडे गाडी रस्त्यावर येत नाही. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा सुधारायची म्हणून जी शहरं घेतली, त्यांत सोलापूर आहे. तेव्हा रात्रीत गाडीवर किती धूळ बसते हे वेगळं सांगायला नको. त्यात दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या चिमण्यांतून उसाच्या भुशाची काळी राख येऊन पडते. या धुळीत आणि राखेत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात आणि ते क्लिअरपेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरडा फडका फिरला की प्रत्येक कण एक रेघ ओढतो. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर सूर्याचं प्रतिबिंब पडतं तिथं गोल गोल जाळी दिसते, ती याच रेघांची. जुन्या रंगावर ही जाळी यायला दोन-तीन वर्षं लागतात. ताज्या रंगावर पंधरवड्यात येते. धूळ बसली तर बसू द्यावी. धुळीनं रंगाचं काही बिघडत नाही, ती चोळल्यानं बिघडतं. धुळीवर डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवून चमक आणायची पद्धत तर ताज्या रंगाच्या आसपासही येऊ देऊ नये; ते क्लिअरला मऊ करतं आणि पुढची धूळ घट्ट धरून ठेवतं.

धुवायची कधी? दोन-तीन दिवसांनंतर नुसत्या पाण्यानं चालते. शाम्पू मात्र आठवड्यानं. उजनीचं पाणी आपल्याकडे काही दिवसांआड येतं, त्यामुळे पाइप सोडून गाडी धुणं परवडत नाही आणि ते शोभतही नाही. दोन बादल्यांत काम होतं. एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. आधी तांब्यानं पाणी ओतून वरची धूळ भिजवून खाली काढायची. मग मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून टपापासून खाली यायचं, आणि प्रत्येक पॅनेलनंतर मोजा दुसऱ्या बादलीत खळबळून घ्यायचा, म्हणजे त्यातले कण पुन्हा रंगावर जात नाहीत. दाराचा खालचा भाग आणि बंपर शेवटी. कपड्यांची पावडर वापरू नये, ती क्षारीय असते. वॉशिंग सेंटरवर नेली तर प्रेशरची नळी हातभर लांब धरायला सांगावं आणि नव्या रंगाच्या कडेवर धार रोखू देऊ नये. कड उचलली गेली की पापुद्रा सुटतो.

पुसायला काय घ्यावं, यात सोलापूरकरांचं भाग्य मोठं. इथल्या टेरी टॉवेलला सोलापुरी चादरीप्रमाणेच भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचे सुती फेरे पाणी शोषायला फार चांगले. पण कोरा टॉवेल थेट रंगावर आणू नये. त्यात खळ असते आणि काठाची शिलाई कडक असते. दोन-तीन वेळा धुऊन मऊ पडलेला टॉवेल घ्यावा, काठ आत दुमडावा, ओल्या पॅनेलवर पसरावा आणि नुसता दाबून उचलावा. ओढायचा नाही. एवढं पाळलं तर घरचा टॉवेल पहिल्या महिन्याला पुरतो. पुढे दाट लवीचं मायक्रोफायबर घ्यावं, कारण ते कण आपल्या लवीत आत घेतं.

बोअरचं पाणी वापरायची वेळ आली तर उन्हात कधीच धुवू नये. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. थेंब वाळला की पांढरं कडं उरतं, आणि तापलेल्या पत्र्यावर ते क्लिअरमध्ये खोल जाऊन बसतं. शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा आणि लगेच टॉवेल, एवढ्यानं हा त्रास निम्म्याहून कमी होतो.

महिना झाला, रंग घट्ट झाला, आता लेपाचा विचार करता येईल. टेफ्लॉन कोटिंग या नावाखाली जे मिळतं त्यावर फार भिस्त ठेवू नये. टेफ्लॉनचा खरा थर बसायला तीनशे अंशांपुढचं तापमान लागतं आणि गाडीच्या रंगावर ते देता येत नाही. तिथं मिळते ती चांगली पॉलिश. काही आठवडे पाणी घरंगळतं, इतकंच. कार्नोबा मेण सुंदर दिसतं, पण आपल्या उन्हाळ्यात लवकर उडतं. पॉलिमर सीलंट काही महिने टिकतो आणि घरी लावता येतो. बेताच्या खर्चात मी तोच सुचवीन. सिरॅमिक कोटिंग सिलिकावर आधारलेलं असतं, क्लिअरला रासायनिक बंधानं धरून राहतं, आणि विष्ठा, क्षार, ऊन यांपुढे चांगलं टिकतं. पण त्याची जाडी एक-दोन मायक्रॉनच्या घरात असते. जाहिरातीतलं "नाइन एच" हे पेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे, हिऱ्याच्या मापाशी त्याचा संबंध नाही. हैदराबाद रस्त्यावर पुढच्या ट्रकनं उडवलेली खडी सिरॅमिक अडवत नाही. ती अडवते पारदर्शक संरक्षक फिल्म, म्हणजे पीपीएफ, कारण ती १५० ते २०० मायक्रॉन जाड पॉलियुरेथेनची असते. अख्ख्या गाडीला लावायची गरज नाही. हायवेवर रोज जाणाऱ्यानं बंपर, बॉनेटची पुढची पट्टी आणि आरसे एवढं झाकलं तरी पुष्कळ. फक्त दुरुस्त केलेल्या पॅनेलवर फिल्म लावायची असेल तर लावणाऱ्याला तसं सांगावं. पुन्हा रंगवलेल्या क्लिअरची पकड कारखान्याइतकी पक्की असतेच असं नाही, आणि फिल्म ओढून काढताना त्याची परीक्षा होते.

विम्यातून काम झालं असेल तर बिलाकडे एकदा बघा. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत रंगकामावर ५० टक्के घसारा कापतात, पण तो फक्त रंगाच्या मालावर, मजुरीवर नाही. माल आणि मजुरी एकत्र लिहिलेली असेल तर एकूण रंगकामाच्या २५ टक्के रक्कम माल धरतात. म्हणजे ८,००० रुपयांच्या एकत्र बिलात २,००० माल, आणि तुमच्या खिशातून त्याचे निम्मे, १,०००. झिरो डेप्रिसिएशनचं कव्हर असेल तर हेही द्यावं लागत नाही.

त्याच बिलाच्या मागे रंगाऱ्याकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात: रंगाचा कोड आणि त्याची कुठली छटा जुळवली, क्लिअर आणि हार्डनर कोणत्या कंपनीचा, बूथमध्ये भाजलं की हवेवर वाळवलं, आणि तारीख. शक्य असेल तर उरलेला बेसकोट छोट्या बाटलीत घट्ट बंद करून मागून घ्यावा. पुढे खडीचा टवका उडाला तर पत्रा उघडा राहू न देता बारीक ब्रशनं तो त्याच आठवड्यात भरता येतो, आणि कोटिंगवाल्याला तारीख दाखवली की महिना कधी भरला यावर वाद उरत नाही.